टीएसएच नॉर्मल आला, मग आईला झालंय तरी काय?

फेरीघाट (पर्वरी)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, लिहायची वेळ आज आली.

आई चोडणला असते, धाकटा भाऊ आणि वहिनीकडे. वय ७४. गेली दीड-दोन वर्षं ती हळूहळू मंदावत चालली आहे. विसरते म्हणावं तर तसंही नाही. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागतो की आपणच वैतागून उत्तर देऊन मोकळे होतो. दिवसभर पेंगते. स्वतःहून काही मागत नाही, समोर पेज ठेवली तर खाते. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर शाल! दोनदा न्हाणीत पडली, हाड मोडलं नाही हे नशीब.

आमच्या घरची माटोळी, गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट, म्हणजे आईचं राज्य. कांगलं कुठे, घागऱ्या कुठे, तोरिंगण कुठल्या कोपऱ्यात, सुपारीचं शिपटं कुणी बांधायचं, सगळं तिच्या हुकमाने. या चवथीला भावाने विचारलं तर म्हणाली, "बांध खंयंय." आणि भिंतीकडे बघत बसली. वहिनी आत जाऊन रडली.

एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. 'वयोमानानुसार मेंदू आक्रसला आहे, डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात' असं सांगून स्मृतीची गोळी दिली. थायरॉईडने असं होतं असं भजनातल्या एका बाईने सांगितलं म्हणून मी हट्टाने टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घेतला. आला २.१. डॉक्टर म्हणाले, बघा, नॉर्मल, आता तो विषय संपला.

खरंच संपला का? थायरॉईड सोडून दुसऱ्या कुठल्या हार्मोनमुळे म्हातारपणी असं होतं का? की आता हे असंच म्हणून स्वीकारायचं?

तिरफळ (पेडणे)

ताई, राग मानू नका. ७४ वर्षं म्हणजे वय झालं. आमच्या आजीचंही असंच झालं होतं, तेव्हा तिला कुणी डिमेन्शिया म्हटलं नाही आणि कुणी एमआरआयही काढला नाही. शेवटपर्यंत प्रेमाने सांभाळली. नेटवर 'रिव्हर्सिबल डिमेन्शिया' (बरा होऊ शकणारा) वाचून लोक बिचाऱ्या म्हाताऱ्यांच्या दंडाची चाळण करतात.

अबोली (म्हापसा)

तिरफळ, सांभाळायचं तर आहेच, पण तपासून सांभाळायला काय हरकत आहे? मी निवृत्त स्टाफ नर्स. माझी सख्खी आत्या अशीच 'वेडी' ठरली होती. आवाज घोगरा, तोंड सुजलेलं, कातडी खरखरीत, बद्धकोष्ठ, नाडी पन्नासच्या आत, आणि घरात कुणी चोर शिरलाय असा संशय. टीएसएच शंभराच्या वर निघाला. गोळी सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत बाई पुन्हा सुनेच्या हुमणात मीठ कमी म्हणायला लागली.

फेरीघाट, आईचा रक्तदाब किती असतो? आणि रक्तातलं सोडियम केलंय का कधी?

निवृत्त_मास्तर (फोंडा)

बाय, आईला ब्राह्मीघृत सुरू कर, अपाय तर काही नाही.

अबोलीताईंनी थायरॉईडचं सांगितलं म्हणून थोडा इतिहास. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने अशाच सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. आणि १९४९ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर यांनी थायरॉईड मंदावल्याने 'वेडे' ठरलेल्या १४ रुग्णांवर लेख लिहिला. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही, आपल्याला नवी आहे.

एक शंका: आम्ही अजून आगराचंच मीठ खातो, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. गोव्यात थायरॉईड वाढलाय तो त्यामुळे तर नव्हे?

दुपारची_ओपीडी (मडगाव)

फिजिशियन आहे, म्हणून आधीच सांगतो: इथे निदान होत नाही, फक्त कुठे बघावं एवढं सांगता येतं.

मास्तर, मिठाचं आधी. आयोडीन घातलेलं मीठ वापरावं, त्यात वाद नाही. पण उतारवयात थायरॉईड मंदावण्याचं नेहमीचं कारण वेगळं असतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. मीठ बदलून ते बरं होत नाही. ब्राह्मीघृताला माझा विरोध नाही, फक्त त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका.

तिरफळ यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. २००३ साली क्लारफील्ड यांनी ३९ अभ्यास एकत्र करून ५,६२० रुग्णांचा हिशेब मांडला होता. 'सुधारू शकेल' असं कारण ९ टक्क्यांत सापडलं, पण प्रत्यक्षात सुधारले ते फक्त ०.६ टक्के, आणि त्यातलेही निम्मे अर्धवट. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत रक्ततपासणीने चमत्कार होत नाही. आशा दाखवताना हे सांगायलाच हवं.

तरी तपासायचं कशासाठी? कारण काही रुग्ण इतरांपेक्षा वेगळे दिसतात. अल्झायमरचा माणूस सहसा सकाळचं विसरतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, पण सुरुवातीला बोलतो भराभर. हार्मोनमुळे मंदावलेल्याला वेळ दिला तर उत्तर बरंचसं बरोबर येतं. शिवाय त्याचं शरीरही बोलत असतं: थंडी, बद्धकोष्ठ, वजनातला फरक, कमी रक्तदाब, पडणं. फेरीघाट, तुम्ही लिहिलंय 'विसरते म्हणावं तर तसंही नाही'. त्या वाक्यापाशी मी थांबलो.

चार प्रश्न. सोडियम किती? रक्तदाब किती? दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा कुणा वैद्याच्या पुडीतून बरीच वर्षं स्टेरॉईड जाऊन मग बंद झालं होतं का? आणि शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं?

सोलकढी (काणकोण)

बाळंतपण? ७४ वर्षांच्या बाईचं? डॉक्टर, धागा चुकला की काय 😀

फेरीघाट

फाईल काढून बसले आहे. सोडियम सहा महिन्यांपूर्वी १२८ होतं, 'मीठ जास्त द्या' असं सांगितलं होतं, म्हणून वहिनी पेजेत मीठ घालून देते. परवा केलं तर १२४. रक्तदाब ९६/६०, आम्हाला वाटायचं चांगलं आहे, बीपीचा त्रास नाही. स्टेरॉईड कधीच नाही.

बाळंतपणाचं मावशीला फोन करून विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं, मी तेव्हा चार वर्षांची. धाकटा भाऊ १९७९ च्या पावसात घरीच झाला. वार अडकली, रक्त थांबेना. रात्री फेरी बंद. पहाटे होडीतून रायबंदरला आणि तिथून पणजीच्या जुन्या मेडिकलात नेलं, आता जिथे इफ्फीचं (चित्रपट महोत्सवाचं) ऑफिस आहे ती इमारत. तीन बाटल्या रक्त चढवलं. मावशी म्हणाली, "वांचली तेंच व्हड." अंगावर दूध आलंच नाही, भावाला शेजारच्या वयनीने पाजलं, मग गाईचं दूध. आणि त्यानंतर आईची पाळी पुन्हा आली नाही, तिशीही गाठली नव्हती. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा, देवाची कृपा, आता मुलं नकोत.

डॉक्टर, हे कशासाठी विचारलंत? मला भीती वाटते आहे.

दुपारची_ओपीडी

आधी कामाचं. सोडियम १२४, असा रक्तदाब, वारंवार पडणं. हा प्रकार धाग्यावर ठेवण्यासारखा नाही. उद्या सकाळी आईला घेऊन फिजिशियनकडे जा, शक्य असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे. बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) तो विभाग आहे. मध्ये गुंगी, उलट्या किंवा ताप आला तर थेट कॅज्युअल्टी. आणि बाळंतपणाची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा, शेवटी नको.

आता कारण. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बरीच मोठी होते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात भरपूर रक्त गेलं आणि दाब कोसळला की ती ग्रंथी सुकते, कधी थोडी, कधी जवळजवळ पूर्ण. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. दूध न येणं ही पहिली खूण. पाळी न येणं ही दुसरी. मग काखेतले आणि जांघेतले केस जातात, चेहरा फिकट आणि बारीक सुरकुत्यांचा होतो, थकवा राहतो, आणि बाई तशीच संसार करत राहते. निदान व्हायला अनेक वर्षं जातात, कधी दशकं. उतारवयात सोडियम घसरतं, डोकं मंदावतं आणि मग त्याला डिमेन्शिया म्हटलं जातं.

टीएसएच नॉर्मल कसा? थायरॉईड हा मजूर आणि पिट्युटरी हा मुकादम समजा. मजूर ढिला पडला की मुकादम ओरडतो, ते ओरडणं म्हणजे वाढलेला टीएसएच. इथे मुकादमच आजारी, मग ओरडणार कोण? म्हणून टीएसएच नॉर्मल किंवा किंचित कमी आणि खरं हार्मोन, फ्री टी-फोर, खाली. नुसता टीएसएच पाहिला तर हा आजार हमखास निसटतो.

डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल विचारा: सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड), फ्री टी-फोर, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन). शेवटची तपासणी फार बोलकी आहे. पाळी गेलेल्या बाईचा एफएसएच चढलेला असायलाच हवा. ७४ व्या वर्षी तो तरुण मुलीसारखा कमी आला तर बोट पिट्युटरीकडे जातं.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: टी-फोर कमी आला म्हणून कुणीही थायरॉईडची गोळी आधी सुरू करायची नाही. कॉर्टिसॉलही कमी असेल तर ते आधी द्यायचं, थायरॉक्सिन नंतर. उलट केलं तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने वापरलं जातं आणि रुग्ण कोसळू शकतो.

मीठ घालूनही सोडियम का वाढलं नाही, त्याचंही उत्तर यातच असू शकतं. कॉर्टिसॉल नसलं की शरीर पाणी धरून ठेवतं. मीठ कमी नसतं, पाणी जास्त झालेलं असतं.

सोलकढी

शब्द मागे घेते. अंगावर काटा आला.

अबोली

एमआरआयचा रिपोर्ट नीट वाचा. खाली बारीक अक्षरात काही सापडतं का बघा.

फेरीघाट

शेवटून दुसरी ओळ: 'पार्शियली एम्प्टी सेला'. म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही.

दुपारची_ओपीडी

पिट्युटरी जिथे बसते ती हाडाची खोबण अर्धी रिकामी. ठणठणीत माणसातही हे पुष्कळदा सापडतं, म्हणून रेडिओलॉजिस्ट लिहितो आणि सगळे पुढे जातात. एरवी मीही गेलो असतो. पण त्या १९७९ च्या रात्रीशेजारी ठेवलं की त्या ओळीला वजन येतं.

पुणेरी_गोंयकार

विषय थोडा वळवतो, पण लागू आहे. बाबा ८१, साखळीला एकटे, मी पुण्यात. त्यांना भास व्हायला लागले, रात्री उठून फिरायचे, सारखी लघवी, सारखी तहान, बद्धकोष्ठ. साखर नॉर्मल. शेवटी कॅल्शियम १३ च्या वर निघालं. कारण? ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. आठवड्याला एक, आठ आठवडे, असं लिहून दिलं होतं. बाबा 'हाडांना चांगली' म्हणून रोज रात्री दुधातून एक घेत होते, आणि दुकानदार देत होता. पुड्या बंद, सलाईन, औषधं. उतरायला बराच काळ गेला, कारण ते जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. आज पेपर वाचून मला फोनवर राजकारण ऐकवतात.

दुपारची_ओपीडी

अगदी लागू आहे. ड जीवनसत्त्व शरीरात हार्मोनसारखंच वागतं. आणि अशी पुडी घेत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं कॅल्शियम चढलेलं निघालं तर पॅराथायरॉईड बघायचं. मानेतल्या चार चिमुकल्या ग्रंथी, त्यांतल्या एकीत गाठ झाली की कॅल्शियम वाढतं: मुतखडा, हाडदुखी, पोटाच्या तक्रारी आणि उदास, गोंधळलेलं डोकं. गाठ काढली की कॅल्शियम उतरतं. डोकं किती सुधारेल याची हमी मात्र सर्जन देत नाही.

तिरफळ

मग आमच्या बाबांचं सांगतो, आता एवढं चाललंच आहे तर. मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतात. पहाटे उठून मलाच 'तू कोण' विचारतात, दरदरून घाम, आणि चहा-पाव पोटात गेला की नॉर्मल. आम्ही म्हणायचो झोपेत बरळतात.

अबोली

तिरफळ!! पुढच्या वेळी चहाच्या आधी ग्लुकोमीटर लावा. आणि गोळीचं नाव सांगा.

तिरफळ

ग्लिबेनक्लामाइड.

दुपारची_ओपीडी

ही जुनी आणि स्वस्त गोळी. म्हाताऱ्यांत, विशेषतः किडनी थोडी मंदावली असेल तर ती शरीरात रेंगाळते आणि साखर रात्री खाली पाडते. वारंवार साखर पडणं हे मेंदूला घातक. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि पर्याय विचारा, परस्पर बंद करू नका. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) साडेसहा करून कुणाला बक्षीस मिळत नाही. या वयात आठपर्यंत चालतो, नाजूक तब्येतीत त्याहून थोडा जास्तही.

मधुमेहाचीच मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व बघा. ते हार्मोन नाही, पण याच यादीत बसतं.

तिरफळ

बाबा ७९. काल पहाटे मोजली. ४८.

(वय झालं असं मी वर म्हणालो होतो, ते या धाग्यावरून कुणी काढू नये. राहू दे.)

सोलकढी

मी दुसरी बाजू लिहिते. नाहीतर हा धागा वाचणाऱ्याला वाटेल की प्रत्येकाची आई गोळीने बरी होते.

पप्पा बँकेत होते. पासबुकं हरवायला लागले, मग काणकोणच्या बाजारातून घरी यायची वाट चुकली. टीएसएच ८.६ आला. आम्हाला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले असते. गोळी सुरू केली, सहा महिन्यांत टीएसएच ३ वर आला. पप्पा तिथेच राहिले, मग खाली गेले. अल्झायमर आहे. त्या सहा महिन्यांत आम्ही बाकी कसलीच तयारी केली नाही. बँकेतल्या सह्या नाहीत, रात्री बघायला माणूस नाही, आईच्या विश्रांतीचा विचार नाही. सगळे टीएसएचच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो.

दुपारची_ओपीडी

सोलकढीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. टीएसएच चार ते दहाच्या मधला आणि टी-फोर नॉर्मल, हा प्रकार म्हाताऱ्यांत खूप दिसतो. वयाबरोबर टीएसएच तसाही थोडा वर सरकतो. २०१७ मध्ये युरोपातल्या ट्रस्ट नावाच्या मोठ्या चाचणीत अशा वृद्धांना थायरॉक्सिन देऊन बघितलं, थकव्यात वा इतर लक्षणांत फायदा दिसला नाही. त्या आकड्याने डिमेन्शिया होत नाही आणि तो दुरुस्त करून बरा होत नाही. अबोलीताईंच्या आत्याचा शंभराच्या वरचा टीएसएच ही गोष्टच वेगळी.

गोळी विनाकारण जास्त झाली तर म्हाताऱ्याचं हृदय अनियमित धडधडतं, हाडं ठिसूळ होतात. थायरॉईड आपणहून जास्त काम करू लागला तरी सत्तरीपुढे तो तरुणांसारखा दिसत नाही. ना चिडचिड ना धावपळ. माणूस गप्प होतो, वजन उतरतं, नाडी वेडीवाकडी होते, आणि घरचे म्हणतात खंगला.

घरी सांभाळण्याचं म्हणाल तर गोव्यात त्यावर कामही झालंय. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने डिमेन्शियाच्या घरांना भेटी देऊन काळजी घेणाऱ्यांना आधार देण्याचा प्रयोग केला. ८१ कुटुंबं होती, निष्कर्ष २००८ मध्ये छापले. सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण कमी झाला. हे औषधाइतकंच खरं काम आहे.

निवृत्त_मास्तर

डॉक्टर, माझी स्वतःची थायरॉईडची गोळी आहे. सकाळी पदेराची (पाववाल्याची) पोई आली की चहाबरोबर घेतो. बरोबर ना?

अबोली

मास्तर, नाही हो! रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास काही नाही. पदेर थांबेल. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो.

निवृत्त_मास्तर

केस उरलेत कुठे, बाय.

रानवारा (सत्तरी)

एक विचारतो. काकांना नऊ-दहा वर्षांपूर्वी काजूच्या बागेत घोणस चावली होती. लघवी बंद झाली, डायलिसिस लागलं, वाचले. आता ६६ आहेत. दाढी करावी लागत नाही, सारखे झोपलेले, काही बोलत नाहीत. काकी म्हणते सापाचं वीष डोक्यात राहिलं. हसू नका.

दुपारची_ओपीडी

कुणी हसणार नाही. काकी खऱ्याच्या फार जवळ आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची सगळी घडी बिघडते, आणि त्यात पिट्युटरीचंही नुकसान होऊ शकतं. म्यानमार, श्रीलंका आणि दक्षिण भारतातून असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. वीष उरत नाही, त्याने केलेलं नुकसान उरतं, आणि ते बऱ्याच वर्षांनीही लक्षात येतं. दाढी कमी होणं ही महत्त्वाची खूण. वर फेरीघाटताईंना सांगितलेल्याच तपासण्या, एफएसएचबरोबर टेस्टोस्टेरॉन घाला. उगाच घाबरू नका, पण लांबवूही नका.

फेरीघाट

उशिरा लिहिते आहे, धावपळ होती. तुम्ही सगळ्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करून चौकशी केलीत, देव बरें करूं.

दुसऱ्याच दिवशी नेलं, दाखल करून घेतलं. तरुण डॉक्टरीण होती, 'बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं' म्हटल्याबरोबर तिने पेन खाली ठेवलं आणि आईच्या काखा बघितल्या. सकाळचं कॉर्टिसॉल १.९. फ्री टी-फोर ०.४. एफएसएच २.८. प्रोलॅक्टिन जवळजवळ नाहीच. पिट्युटरीचा वेगळा एमआरआय केला, ग्रंथीची पातळ चकती उरली आहे म्हणाले. शीहान.

सोडियम मुद्दाम हळूहळू वर आणलं, एकदम वाढवणंही धोक्याचं असतं म्हणे. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्या जागी द्यायचं स्टेरॉईड, आधी, सकाळी मोठा डोस, दुपारी छोटा. थायरॉक्सिन त्यानंतर, पंचवीस मायक्रोग्रॅमपासून. स्मृतीची गोळी तिथल्या डॉक्टरांनीच बंद केली, नाडी आधीच मंद होती आणि त्या गोळीने ती आणखी मंदावते म्हणाले.

आता आई कशी आहे? तिसऱ्या-चौथ्या दिवशीच डोळ्यांत जरा चमक आली, उठून बसली, भूक लागली म्हणाली. भूक! थायरॉक्सिनचा परिणाम सावकाश दिसतोय. शाल गेली. बोलते, भांडते. भावाने तुळशीपुढचा भाग सिमेंट केला त्यावरून त्याला झापलं. पण सोलकढीताई, तुमचं लक्षात ठेवलंय. आई पूर्वीसारखी नाही. नातवंडांची नावं अजून उलटसुलट होतात, पैशांचे हिशेब जमत नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, इतकी वर्षं मेंदूने हे सोसलंय, शिवाय वयाचं स्वतःचं काही असू शकतं, वर्षभर थांबून मग स्मृतीची चाचणी पुन्हा करू. म्हणून बँकेच्या सह्यांचं काम या आठवड्यात उरकतो आहोत.

भाऊ मात्र गप्प गप्प आहे. त्याच्याच जन्माच्या वेळचं हे, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

अबोली

भावाला सांग, वार अडकणं हे पोराच्या हातात नसतं. आणि घरात सगळ्यांना दोन गोष्टी पाठ करून घे. स्टेरॉईडची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, उपास असो की लग्न. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शन. पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, 'स्टेरॉईडवर अवलंबून' अशी.

दुपारची_ओपीडी

त्यात तिसरी घालतो. पुढेमागे कुणीतरी डॉक्टर आईचा टीएसएच करील, तो ०.१ वगैरे येईल आणि 'गोळी जास्त होतेय' म्हणून डोस कमी करील. करू देऊ नका. आईच्या बाबतीत टीएसएचला अर्थ नाही, फ्री टी-फोरवरच डोस ठरतो. हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिरफळ

बाबांची गोळी बदलली. पहाटेचे प्रश्न बंद. दिवसाचे चालू आहेत, ते पूर्वीपासूनचेच.

रानवारा

काकांना सत्तरीतून आणतोय. कॉर्टिसॉल सकाळी आठलाच लागतं ना? म्हापशाला इतक्या लवकर उघडणारी लॅब कुठली? उपाशी आणायचं का?

अबोली

आठच्या आसपास, नऊच्या पुढे नको. कॉर्टिसॉलसाठी उपाशी असायची गरज नाही, पण साखरही करणार असाल तर उपाशीच आणा. लॅबचं नाव इथे नको, व्यनि करते. दम्याचा पंप, कातडीवर लावायचं मलम, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, यांतलं काहीही चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्यातही स्टेरॉईड असतं आणि आकडा फसवतो.

रानवारा

मलम आहे, खाजेचं. नाव बघून सांगतो. शुक्रवारी पहिल्या बसने निघतोय.